पुरुष नसलेलं जग: स्त्रीवादी विज्ञानकथा आणि फँटसी

आडवाट (धागालेखिका)

नवनाथांच्या कथांमधलं स्त्रीराज्य बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. मच्छिंद्रनाथ तिथे राणी मैनाकिनीच्या सहवासात रमतात, गोरक्षनाथ शोधत शोधत पोचतो, मृदंगातून 'चलो मच्छिंदर, गोरख आया' असे बोल काढतो आणि गुरूला घेऊन निघतो. जैमिनीच्या अश्वमेधातही प्रमिलेचं स्त्रीराज्य आहे. तिथे अर्जुनाचा घोडा अडतो आणि प्रकरण लग्नावर मिटतं. दोन्हीकडे कथा पुरुषाची. स्त्रीराज्य म्हणजे त्याच्या वाटेतला मुक्काम, मोहाचा किंवा अडथळ्याचा. तो निघून गेल्यावर तिथल्या बायका दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करत असतील, याची कथेला फिकीर नाही.

मला त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळीत जास्त रस आहे. आणि तिच्यावर लिहिलं गेलंय, भरपूर.

1905 साली रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. लेखिका तेव्हा पंचविशीची. कथेतल्या राज्यात पुरुष पडद्यात, म्हणजे मर्दान्यात, आणि बायका रस्त्यावर. पाहुणी सुलताना रस्त्याने बिचकत चालते, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या बायका हसून म्हणतात, ही अगदी 'पुरुषी' दिसते. म्हणजे लाजाळू आणि भित्री! ऑफिसचं काम बायका दोन तासांत उरकतात, कारण पुरुषांसारखे चिरूट फुंकण्यात त्यांचे सहा तास जात नाहीत. हिशोबही दिलाय: दिवसाला बारा चिरूट, एकेकाला अर्धा तास. युद्ध जिंकलं जातं ते विद्यापीठात साठवलेली सूर्याची उष्णता शत्रूवर सोडून. स्वयंपाकघरात कोळसाही नाही आणि धूरही नाही, तिथेही सूर्यच.

मला या कथेत सगळ्यात आवडतं ते हे स्वयंपाकघर. उडत्या गाड्या त्या काळात इतरही लिहीत होते. पण भविष्यकाळातल्या चुलीचं काय होणार, हा प्रश्न किती जणांना पडला होता?

1915 मध्ये शार्लट पर्किन्स गिलमनची 'हरलँड' आली: तीन पुरुष प्रवासी फक्त बायकांच्या देशात पोचतात. 1972 मध्ये जोआना रसची 'व्हेन इट चेंज्ड' आली: व्हाइलअवे नावाच्या ग्रहावरचे सगळे पुरुष साथीत मेले, बायकांनी सहाशे वर्षं तो ग्रह चालवला, आणि आता पृथ्वीवरून चार पुरुष उतरलेत. या कथेला विज्ञानकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला.

माझं म्हणणं असं की या कथांमधला खरा प्रयोग पुरुष काढून टाकण्याचा नाही. पुरुष काढले की कामं उघडी पडतात. मूल कोण वाढवतं, उष्टी कोण काढतं, रात्री एकटं कोण फिरतं, म्हाताऱ्यांजवळ कोण बसतं. एरवी ही कामं कथेच्या पार्श्वभूमीला आपोआप होत असतात. पुरुष नसलेल्या जगात लेखिकेला प्रत्येक कामापुढे नाव लिहावं लागतं. चांगली स्त्रीवादी विज्ञानकथा मी यावरून ओळखते.

पटतंय का? नसेल तर का? आणि फँटसीत हे कुठे दिसतं? (स्पॉयलर असतील. या पुस्तकांना वयं झालीत, तेव्हा तक्रार नको.)

शून्यवादी

धागा चांगला आहे, पण मी उलट बाजूने बोलतो.

'हरलँड' वाचताना मला जांभया आल्या. सगळ्या बायका समंजस, निरोगी, कर्तबगार. भांडण नाही, हेवा नाही, कुणी आळशीसुद्धा नाही. तीन पुरुष प्रश्न विचारतात आणि बायका उत्तरं देतात. कथेचे कपडे घातलेला निबंध आहे हा. 'सुलतानाज ड्रीम'ही तशीच, फक्त छोटी आणि विनोदी असल्यामुळे निभावून जाते. आदर्श जगात कथा घडत नाही, हा साहित्यातला जुना त्रास आहे आणि स्त्रीवादाने तो सुटत नाही.

शिवाय 'कामापुढे नाव लिहिणं' ही कसोटी लावली तर कामवाटपाचा तक्ताही थोर साहित्य ठरेल.

पेन्सिल

'हरलँड'बद्दल सहमत, आणि माझी तक्रार जांभईपेक्षा मोठी आहे. तिथल्या बायका 'आर्य वंशाच्या' आहेत असं निवेदक छातीठोकपणे सांगतो. कुणी मूल जन्माला घालायचं आणि कुणी नाही, हे समाज ठरवतो, आणि 'नको ते' गुण वंशातून गाळून टाकलेत म्हणून तो समाज सुंदर झालाय. गिलमनच्या काळात सुप्रजननाचं हे खूळ प्रतिष्ठित होतं, मान्य. पण बायकांचं आदर्श जग लिहिताना कोणत्या बायका आत घेतल्या आणि कोणत्या दाराबाहेर राहिल्या, हेही आडवाट यांच्या यादीत हवं.

रानजाई

रुमाल टाकून ठेवला होता, आता सविस्तर लिहिते.

शून्यवादी, तुमचा आक्षेप 'हरलँड'ला लागू आहे, रसला नाही. व्हाइलअवेवर बायका द्वंद्वयुद्धं करतात आणि त्यात माणसं मरतात. 'व्हेन इट चेंज्ड'ची निवेदिका जॅनेट तीन द्वंद्वं लढलेली आहे. तिची बायको केटी गाडी बेफाम हाकते, पण बंदुकीला हात लावत नाही. ज्या बाईला घरात बंदूक नको असते, तीच त्या पुरुषांवर बंदूक रोखते. या बायका संत नाहीत, माणसं आहेत. म्हणूनच पुरुष उतरतात तेव्हा काय बुडणार आहे ते आपल्याला कळतं.

पुरुष तिथे येऊन काय करतात? फार सभ्य वागतात. पुन्हा पुन्हा एकच विचारतात: तुमचे लोक कुठे आहेत? समोर बायका उभ्या आहेत, आणि ते लोकांची चौकशी करतायत. पृथ्वीवर आता स्त्री-पुरुष समानता आलीय, असंही सांगतात. कुणी आरडाओरडा करत नाही, हात उगारत नाही, आणि तरी जॅनेटला कळून चुकतं की आपण उभारलेलं सगळं आता कुणाच्या तरी नजरेत लहान होणार. हे निबंधात सांगता येत नाही. त्याला कथाच लागते.

पुढे 1975 च्या 'द फीमेल मॅन' या कादंबरीत रसने याच जगाला आणखी एक कलाटणी दिली. चार वेगवेगळ्या जगांतल्या चार बायका, मुळात एकच स्त्री. त्यातली जेल ही मारेकरी आहे. ती शेवटाकडे जॅनेटला सांगते, तुमच्या ग्रहावर साथ-बीथ काही आली नव्हती. साथ म्हणजे आम्ही. युद्ध करून आम्ही पुरुष संपवले, आणि तुमच्या बागा त्यावर फुलल्यात. हे खरं की खोटं, कादंबरी ठरवून देत नाही. आदर्श जगाच्या पायात काय पुरलंय हा प्रश्न लेखिकेनेच विचारलाय, टीकाकारांची वाट न बघता.

मीटरगेज

मग टिपट्री यायलाच हवा. की यायलाच हवी?

जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावाने 1968 पासून कथा यायला लागल्या. पत्रव्यवहार पोस्टाच्या पेटीवर, प्रत्यक्ष भेट कुणाशीच नाही. ही बाई असेल का अशी कुजबुज होती. 1975 मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्गने एका संग्रहाच्या प्रस्तावनेत ती शंका उडवून लावली: या लेखनात काहीतरी निर्विवाद पुरुषी आहे, म्हणाला. 1977 पर्यंत उघड झालं की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन, साठी ओलांडलेली, एके काळी सीआयएमध्ये काम केलेली, मानसशास्त्रातली डॉक्टरेट असलेली बाई. टिपट्री हे नाव तिने मुरांब्याच्या बरणीवरून उचललं होतं.

तिची 'ह्यूस्टन, ह्यूस्टन, डू यू रीड?' (1976) या धाग्याच्या विषयावरच आहे. सौरवादळात सापडून तीन अंतराळवीर काही शतकं पुढे फेकले जातात. भविष्यात पुरुष उरलेले नाहीत, बायका क्लोनिंगने चालवतायत. यानातल्या बायका हसऱ्या, बडबड्या, मदतीला तत्पर. पाहुण्यांना एक औषध दिलं जातं, त्याने मनातलं सगळं बाहेर येतं. एकाच्या मनात बलात्कार निघतो, दुसऱ्याच्या मनात देवाच्या नावाने राज्य. तिसरा, ज्याला आपण बरा समजत होतो, तोही शेवटी विचारतो, आमच्याशिवाय तुमचं चालणार कसं? बायका निवांत आहेत. त्या दुष्ट नाहीत, रागावलेल्याही नाहीत. या तिघांना परत घरी न्यायचा त्यांचा विचार नाही, एवढंच.

आडवाट यांच्या कसोटीत ही कथा कुठे बसते ते सांगा. इथे कामांबद्दल फारसं काही नाही. इथे आहे ते पुरुष 'गैरलागू' होण्याचं भय, आणि ते पुरुषाच्या आतून लिहिलंय.

जुनं_ते

अवांतर. टोपणनावावरून आठवलं. 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने आलं, तेव्हा ही विभावरी कोण यावरून केवढा गदारोळ झाला होता. बाईने बाईच्या मनातलं लिहिलं म्हणून बाईलाच लपावं लागलं. आणि 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, ती मोठ्या नावाचा फायदा मिळू नये म्हणून. नाव दोघांनीही लपवलं. एकीला नाव सांगण्याचा धोका होता, दुसऱ्याला फायदा.

अवांतर संपलं. विषयावर एकच वाक्य: विज्ञानकथाकार आयझॅक अझिमॉव्हची नायिका सुझन कॅल्व्हिन ही यंत्रमानवांच्या मनाची सगळ्यात हुशार तज्ज्ञ, आणि 1941 च्या 'लायर!'मध्ये तिला पहिल्यांदा भेटतो तेव्हा ती सहकाऱ्यावरच्या प्रेमापायी ओठ रंगवून घेते. हुशार बाई लिहिता आली, पण हुशारीबद्दल दंड वसूल केल्याशिवाय सोडवलं नाही.

गणिती_मांजर

मीटरगेज, टिपट्रीची 'द विमेन मेन डोन्ट सी' (1973) मला 'ह्यूस्टन'पेक्षा वरची वाटते, आणि तिथे पुरुष चांगले जिवंत आहेत. छोटं विमान दलदलीत पडतं. निवेदक डॉन फेंटन, सोबत रूथ पार्सन्स आणि तिची मुलगी. पूर्ण कथा डॉनच्या तोंडून. त्याला या मायलेकी नीट दिसतच नाहीत. तो त्यांच्या दिसण्याचा अंदाज घेतो, आपल्याबद्दल त्यांना काय वाटत असेल याचे तर्क करतो, संकटात आपणच त्यांना वाचवणार असं धरून चालतो. मग परग्रहवासी येतात आणि रूथ त्यांना विनवते, आम्हाला घेऊन जा. अनोळखी परग्रहवासी बरे, इथलं ओळखीचं जग नको. तिचं म्हणणं साधारण असं आहे की बायका तुमच्या जगाच्या यंत्रातल्या फटींमध्ये एक-एकट्या, दोन-दोन अशा जगतात. डॉनला शेवटपर्यंत उलगडा होत नाही. वाचकाला होतो. निवेदकाच्या डोक्यावरून बोलायची ही करामत मी फार थोड्या ठिकाणी पाहिलीय.

आता उर्सुला ल ग्विन. तिने पुरुष काढले नाहीत, लिंगच काढलं. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (1969) मधल्या गेथेन ग्रहावरची माणसं बहुतेक दिवस ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले थोडेच दिवस त्यातलं काहीतरी एक होतात, आणि कोण काय होईल याचा नेम नाही. राजाला दिवस गेलेत, अशी बातमी तिथे येऊ शकते. सतरा ते पस्तीसच्या दरम्यान कुणालाही गर्भारपण येऊ शकतं, त्यामुळे इतर जगांतल्या पुरुषाइतकं मोकळं तिथे कुणीच नाही. आडवाट, तुमचा मुद्दा एका ओळीत.

पण त्या कादंबरीची मोठी उणीवही तिथेच आहे. एस्ट्रावेन, म्हणजे तिथलं मुख्य गेथेनी पात्र, आपल्याला कसा दिसतो? राजकारणी, तुरुंगातून माणसाला सोडवणारा, हिमनदीवरून स्लेज ओढणारा. मूल मांडीवर घेतलेला कधीच नाही. सगळ्यांना 'तो' म्हटलंय, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात सगळा ग्रह पुरुषांचाच होतो. यावर टीका झाली. ल ग्विनने 1976 च्या निबंधात आधी बाजू लावून धरली, मग दहा-अकरा वर्षांनी त्याच निबंधात स्वतःला खोडून काढणाऱ्या टिपा घातल्या. त्याच जगावरच्या 'विंटर्स किंग' या कथेत तर 1975 च्या संग्रहासाठी तिने सगळे 'तो' बदलून 'ती' केले. राजा मात्र राजाच ठेवला.

फँटसीत तिचं अर्थसी बघा, जादूगार आणि ड्रॅगनच्या जगावरची पुस्तकमालिका. 1968 च्या पहिल्या पुस्तकात म्हण येते की बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट. रोकच्या जादूशाळेत मुलींना प्रवेश नाही. का नाही, हे तीन पुस्तकं होईपर्यंत कुणी विचारत नाही. मग 1990 मध्ये 'तेहानू' येतं. महाजादूगार गेडची शक्ती संपलीय. नायिका तेनार आता मध्यमवयीन विधवा आहे, शेतावर राहते, आगीत भाजलेली एक मुलगी सांभाळते. तिचा मुलगा स्पार्क समुद्रावरून परत येतो, जेवतो, आणि ताट तसंच टाकून उठतो, कारण ते बायकांचं काम. तेनारला वाटतं, याला वाढवण्यात आपण कमी पडलो. ड्रॅगन आणि मंत्रांच्या मालिकेतलं मला सगळ्यात लख्ख आठवणारं दृश्य हे न उचललेल्या ताटाचं आहे.

शून्यवादी

'तेहानू'वर माझं मत वेगळं आहे. ताटाचं दृश्य चांगलं आहे, मान्य. पण पुस्तकातले वाईट पुरुष इतके वाईट आहेत की त्यांना चेहराच राहत नाही. अ‍ॅस्पेन नावाचा तो जादूगार तेनारला कुत्रीसारखी रांगायला लावतो, आणि दोन पानांत आकाशातून ड्रॅगन उतरून त्याला संपवतो. तेनारने स्वतः काय केलं? ल ग्विन एवढी मोठी कथाकार, आणि गाठ सोडवायला तिला ड्रॅगन लागला.

टिपट्री आणि रस यांच्याबद्दल मी काही म्हणत नाही, त्या दोघींना कथा कशी मारते ते माहीत होतं.

आडवाट

ड्रॅगनला बोलावते कोण ते विसरलात. तेनारने वाढवलेली, सगळ्यांनी टाकून दिलेली ती भाजलेली पोर. आकाशातून आपोआप काही उतरत नाही. मूल वाढवणं हे त्या पुस्तकातलं मुख्य कृत्य आहे आणि शेवट त्याच कृत्यातून निघतो. तुम्हाला तलवारीने सुटलेली गाठ चालली असती, वाढवलेल्या मुलीने सोडवलेली चालत नाही?

मीटरगेज, 'ह्यूस्टन' माझ्या कसोटीत नीट बसते. यान कोण चालवतं? त्या बायका. कोंबड्या, झाडं, दुरुस्त्या सगळं त्या बोलता बोलता करतात. तिघांना हे काम वाटतच नाही, कारण त्यात हुकूम सोडणारा कुणी दिसत नाही.

पेन्सिल

ऑक्टेव्हिया बटलरचं नाव अजून कसं आलं नाही? 'ब्लडचाइल्ड' (1984). परग्रहावर आसरा घेतलेली माणसं आणि तिथले कीटकासारखे दिसणारे त्लिक. त्लिकांची अंडी माणसाच्या शरीरात वाढतात, आणि त्यासाठी बहुतेक वेळा पुरुष निवडले जातात, कारण बायकांनी माणसांची मुलं जन्माला घालायची आहेत. गान हा मुलगा एका पुरुषाची 'प्रसूती' डोळ्यांनी बघतो: पोट फाडून अळ्या काढतात. मग त्याला ठरवायचंय, हे आपण करायचं की बहिणीवर ढकलायचं. लोकांनी याला गुलामगिरीची कथा म्हटलं, बटलरने नाकारलं. तिच्या मते ही प्रेमकथा आहे, आणि पुरुषाच्या गर्भारपणाची कथा.

आडवाट, यात एकही पुरुष काढलेला नाही. त्याला फक्त त्या खाटेवर झोपवलंय.

'किंड्रेड'मध्ये (1979) तर काळी नायिका डेना 1976 मधून खेचली जाऊन गुलामगिरीतल्या मेरीलँडला पोचते, आणि तिला पुन्हा पुन्हा जीव वाचवावा लागतो तो एका गोऱ्या मालकाच्या पोराचा, कारण तो तिचा पूर्वज आहे. तिचा गोरा नवरा एकदा तिच्यासोबत त्याच काळात जातो. काळ तोच, जागा तीच, पण दोघांचा प्रवास एक नाही. 'सगळ्या बायकांचं जग' म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक आधी वाचावं.

अनामिक_वाचक

मार्गारेट अ‍ॅटवुडची 'हँडमेड्स टेल' (बायकांना सक्तीने मुलं जन्माला घालायला लावणाऱ्या राजवटीची कादंबरी) अजून कुणीच काढली नाही, आश्चर्य आहे. की तिचा कंटाळा आलाय सगळ्यांना?

रानजाई

थोडासा :) पण पुस्तकाचा नाही, पोस्टरांचा. अ‍ॅटवुडने 1985 मध्ये स्वतःला घालून घेतलेली अट मला अजूनही कमालीची वाटते: माणसाने इतिहासात कुठेतरी आधी केलेलं नाही असं काहीही आत घ्यायचं नाही. रोमानियात 1966 पासून चाउशेस्कूच्या राजवटीत गर्भपातावर बंदी होतीच. त्यामुळे ती कादंबरी भविष्याची वाटते आणि असते जुन्या फायलींची.

याच्या जोडीला मंजुळा पद्मनाभन यांची 'एस्केप' (2008) वाचा. देशातल्या सगळ्या बायका संपवल्या गेल्यात, सेनापती स्वतःच्या प्रती काढून राज्य करतायत, आणि एका घरात तीन काकांनी मेजी नावाची एक मुलगी लपवून वाढवलीय. आडवाट यांचा प्रश्न इथे उलटा होऊन येतो. फक्त पुरुषांच्या जगात उरलेली कामं कुणी करायची? त्यासाठी तिथे ड्रोन नावाचे मुद्दाम घडवलेले, बोलता न येणारे प्राणी आहेत. बायका गेल्या, पण बिनबोभाट राबणारं कुणीतरी लागतंच, म्हणून ते तयार करून घेतलं.

मीटरगेज

हे जबरदस्त आहे, यादीत टाकलं.

जाता जाता नेओमी ऑल्डरमनची 'द पॉवर' (2016). मुलींच्या हातातून विजेचा झटका निघायला लागतो आणि थोड्याच वर्षांत सत्ता उलटी होते. बायकाही तेच करतात: बलात्कार, कत्तली, धर्माची दुकानं. कादंबरीच्या सुरुवातीला आणि शेवटी पत्रं आहेत. हजारो वर्षांनंतरच्या काळातला नील नावाचा नम्र लेखक नेओमी नावाच्या वजनदार लेखिकेला हस्तलिखित वाचायला देतो. तिला वाटतं, पुरुषांच्या हाती राज्य असतं तर जग किती मवाळ असतं, नाही? आणि शेवटी ती त्याला प्रेमाने सुचवते, हे पुस्तक बाईच्या नावाने छापायचा विचार केलायस का?

माझ्या मते स्त्रीराज्याच्या सगळ्या कथांवरचं हे उत्तर आहे. सत्ता आली की कुणीही तसंच वागतं.

आडवाट

पत्रांचा भाग मलाही फार आवडतो. पण तुमचा निष्कर्ष मी घेणार नाही. 'द पॉवर'मध्ये बदलतं काय? हातातली वीज. सैन्य, टीव्ही, मठ, सरकार सगळं तेच राहतं, फक्त खुर्चीवरचं माणूस बदलतं. तशा प्रयोगातून तसंच उत्तर निघणार. रोकेयाने खुर्चीवर राणी बसवलीच, पण सोबत चूल बदलली, ऑफिसचे तास बदलले, विद्यापीठात काय शिकवायचं ते बदललं. रसने कुटुंब बदललं. ल ग्विनने गर्भारपणाची पाळी सगळ्यांवर आणली. सत्तेने माणूस बिघडतो का, हा ऑल्डरमनचा प्रश्न आहे आणि तिने तो नीट सोडवलाय. सकाळचं काम कुणी करायचं हा वेगळा प्रश्न आहे, आणि 'द पॉवर'मध्ये तो कुणी विचारत नाही.

अनामिक_वाचक, व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलंत म्हणून इथेच लिहिते, इतरांनाही उपयोगी पडेल. आधी 'सुलतानाज ड्रीम', एका बैठकीत होते. मग 'व्हेन इट चेंज्ड' आणि 'द विमेन मेन डोन्ट सी' पाठोपाठ. 'ब्लडचाइल्ड' जेवताना वाचू नका. कादंबरी हवी तर 'किंड्रेड'. 'तेहानू'ला थेट हात घालू नका, आधीची तीन अर्थसी वाचलेली असतील तरच तिचा राग कळतो. 'हरलँड' राहिली तरी चालेल.

शून्यवादी

'हरलँड' राहिली तरी चालेल, यावर आपलं एकमत. ड्रॅगनवर नाही. पोरीने बोलावला असेल, पण तो येऊ शकतो याची पेरणी पुरेशी झालेली नाही. आदल्या प्रकरणांतल्या कुठल्या पानावर आहे ते दाखवा, मग बोलू.

गणिती_मांजर

पेरणी आहे. ड्रॅगन आणि माणसं मुळात एकच होती, ही गोष्ट तेनार त्या पोरीला सुरुवातीच्याच प्रकरणांमध्ये सांगते, गोंट बेटावर वाटेने चालताना. आणि कालेसिन ड्रॅगन गेडला पाठीवरून आणून सोडतो तोही पुस्तकाच्या पहिल्या भागातच. प्रत हाताशी असेल तर तिथून पुन्हा वाचा.